फ्रेस्नो स्टेट 2008: चमत्कार म्हणण्याआधी पिचरांचा हिशेब बघा

प्रश्न असा आहे: 2008 च्या अमेरिकी कॉलेज बेसबॉल स्पर्धेत फ्रेस्नो स्टेट विद्यापीठाचा तळाच्या मानांकनाचा संघ थेट विजेता झाला. हे निव्वळ नशीब होतं, की स्पर्धेच्या रचनेतच असं काही आहे ज्यामुळे दुबळा संघ इतका पुढे जाऊ शकतो? आणि आपल्याकडच्या विद्यापीठ संघानं त्यातून काय उचलावं?

मी बरीच वर्षं कॉलेजच्या मुलांना बेसबॉल शिकवतोय, आणि हा प्रश्न दर मोसमात कोणी ना कोणी विचारतंच. नशीब होतं, भरपूर होतं. पण फ्रेस्नोला मुळात ‘दुबळा’ ठरवलं कोणी आणि कशावरून, हे आधी बघायला हवं. माझ्या मते त्या विजयातला अर्धा चमत्कार कागदावरचा आहे.

आधी रचना. स्पर्धेत 64 संघ येतात. त्यांची 16 केंद्रांवर चार-चार अशी वाटणी होते आणि प्रत्येक केंद्रावर एक ते चार मानांकन असतं. तिथं दोन पराभव झाले की संघ बाद. केंद्रातून एक संघ निघतो. मग उरलेल्या 16 संघांच्या जोड्या लागतात, तीनपैकी दोन सामने जिंकायचे. त्यातून आठ संघ नेब्रास्कातल्या ओमाहाला जातात. तिथं पुन्हा चार-चारचे दोन गट, पुन्हा दोन पराभवांनी बाद, आणि दोन गटविजेत्यांत तीन सामन्यांची अंतिम लढत. ओमाहाला ही स्पर्धा 1950 पासून होते आहे. कॉलेजच्या खेळाडूंच्या तोंडी ‘ओमाहा’ एवढंच म्हटलं तरी पुरतं.

फ्रेस्नोचं मानांकन केंद्रात चौथं होतं. म्हणजे कागदावर 64 पैकी शेवटच्या 16 संघांत. अमेरिकी कॉलेज क्रीडा संघटनेच्या कुठल्याही खेळात इतक्या खालच्या मानांकनाचा संघ त्याआधी विजेता झाला नव्हता, असं तेव्हा सगळीकडे छापून आलं. मोसमाअखेर त्यांचा हिशेब 47 विजय आणि 31 पराभव असा होता. एकतीस सामने हरलेला संघ राष्ट्रीय विजेता! हा आकडा मी मुलांना मुद्दाम सांगतो, कारण आपल्याकडे दोन सराव सामने हरले की संघ निवडणाऱ्यांपासून पालकांपर्यंत सगळे हवालदिल होतात.

आता कागदाकडे वळू. प्रवासखर्च वाचवायला संघटना जवळपासचे संघ एकाच केंद्रावर टाकायची. पश्चिम किनाऱ्यावरच्या संघांचं त्यात नेहमी नुकसान व्हायचं. 2008 मध्ये फ्रेस्नो ज्या लाँग बीच केंद्रावर होता, तिथले चारही संघ कॅलिफोर्नियाचे होते: यजमान लाँग बीच स्टेट, सॅन डिएगो, कॅलिफोर्निया विद्यापीठ आणि फ्रेस्नो. त्याच जूनमध्ये झालेल्या व्यावसायिक लीगच्या खेळाडू निवडीत (तिथं संघ आळीपाळीनं नवे खेळाडू निवडतात) सॅन डिएगोचा पिचर, म्हणजे चेंडू टाकणारा, ब्रायन मॅटस देशात चौथा निवडला गेला. ज्या राज्यात बारा महिने बेसबॉल चालतो तिथल्या चार संघांत चौथं असणं आणि देशात 64 वं असणं यांत फार अंतर आहे. फ्रेस्नोनं आपल्या वेस्टर्न ॲथलेटिक कॉन्फरन्सची, म्हणजे विद्यापीठांच्या आपल्या गटाची, स्पर्धा जिंकली होती आणि त्या विजेतेपदावरच त्यांना थेट प्रवेश मिळाला होता. प्रशिक्षक माइक बेटसोल यांच्या हाताखाली हा संघ काही वर्षं सातत्यानं चांगला खेळत होता. (पुढे याच विद्यापीठात, याच बेटसोल यांच्याकडे मेजर लीगमधला तारा ॲरन जज तयार झाला. मेजर लीग म्हणजे अमेरिकेतली सर्वोच्च व्यावसायिक लीग.) अंतिम फेरीपर्यंत पोहोचताना त्यांनी ज्यांना हरवलं त्यांत देशातल्या पहिल्या आठ मानांकितांपैकी तिघे होते: तिसरा ॲरिझोना स्टेट, सहावा राइस, दुसरा नॉर्थ कॅरोलायना. मग अंतिम फेरीत आठवा जॉर्जिया. एवढे दांडगे चार संघ एकामागून एक केवळ नशिबानं पडत नाहीत.

पण त्यांच्या बाजूनं बोलताना एक गोष्ट लपवता येत नाही, आणि मला या साऱ्या कथेत तीच सगळ्यात रोचक वाटते. त्यांचा पहिल्या क्रमांकाचा पिचर टॅनर शेपर्स मे महिन्यात खांद्याच्या दुखापतीनं बसला होता. म्हणजे स्पर्धेच्या तोंडावर संघातला सर्वोत्तम हात गेला. बेसबॉल न पाहिलेल्यांसाठी सांगतो: वीस षटकांच्या सामन्यात तुमचा हुकमी गोलंदाज चारच षटकं टाकतो, उरलेल्या सोळांत दुसऱ्यांना सांभाळायचं असतं. इथं उलट आहे. चांगला पिचर एकटा नऊपैकी सात-आठ इनिंग खेचू शकतो, सामना एकहाती जिंकून देऊ शकतो. मात्र त्यानंतर त्याला पुढचे चार-पाच दिवस हात लावू देत नाहीत. कॉलेज मोसमात सहसा शुक्रवार, शनिवार, रविवार असे तीन सामने एकाच प्रतिस्पर्ध्याशी होतात आणि प्रत्येक वाराचा पिचर ठरलेला असतो. शुक्रवारचा म्हणजे सर्वांत भारी. शेपर्स गेला म्हणजे फ्रेस्नोचा शुक्रवार गेला.

तरी ते जिंकले, याचं कारण रचनेत सापडतं. केंद्रावर तीन-चार दिवसांत तीन ते पाच सामने खेळावे लागतात. तिथं तुमचा पहिला पिचर किती थोर आहे यापेक्षा तिसरा, चौथा आणि सातव्या इनिंगला येणारा राखीव पिचर किती भरवशाचा आहे यावर सगळं ठरतं. पहिलं मानांकन मिळालेल्या संघाचं मोसमभराचं यश पुष्कळदा शुक्रवारच्या पिचरवर उभं असतं, आणि स्पर्धेत तो फायदा कमी होतो. त्यात एक डावपेच असा की बरेच मोठे संघ पहिल्या दिवशी चौथ्या मानांकिताविरुद्ध पहिला पिचर वापरतच नाहीत, दुसऱ्या दिवसासाठी राखून ठेवतात. चौथ्या मानांकिताला राखून ठेवायला काहीच नसतं. तो आपलं सर्वोत्तम पहिल्याच दिवशी मैदानात उतरवतो. लाँग बीचनं त्या दिवशी काय विचार केला असेल याच्या खोलात जात नाही. फ्रेस्नोनं यजमानांना पहिल्याच सामन्यात 7-3 हरवलं एवढं नोंदवतो.

पहिला सामना जिंकणं या रचनेत किती मोलाचं, हे वेगळं सांगायला हवं. पहिलाच सामना हरलेल्या संघाला वर येण्यासाठी जास्त सामने खेळावे लागतात. म्हणजे जास्त पिचर खर्च होतात आणि शेवटच्या दिवशी थकलेले हात घेऊन ताज्या संघासमोर उभं राहावं लागतं. मोठ्या संघाचा कोसळण्याचा रस्ता बहुधा असाच असतो: शुक्रवारी संध्याकाळी एक खराब सामना, मग तीन दिवस उसनवारी.

पुढची फेरी ॲरिझोनातल्या टेंपीला, ॲरिझोना स्टेटच्या घरच्या मैदानावर. त्यांच्या फळीत ब्रेट वॉलेस आणि आयक डेव्हिस, दोघेही त्याच महिन्यात व्यावसायिक निवडीच्या पहिल्या फेरीत गेले होते. पहिला सामना फ्रेस्नो 4-12 असा हरला. बहुतेकांनी इथंच कथा संपली असं मानलं असणार. दुसरा 8-6, तिसरा 12-9. तीन सामन्यांत त्यांनी 24 रन काढले आणि 27 दिले. एकूण रनांत मागे राहूनही फेरी जिंकली. इथं नशिबाचा हात स्पष्ट दिसतो, तो नाकारण्यात काही शहाणपण नाही.

ओमाहाचं चित्र मात्र निराळं. तिथल्या सात सामन्यांचे आकडे असे: राइसविरुद्ध 17-5, नॉर्थ कॅरोलायनाविरुद्ध 5-3, मग त्यांच्याचकडून 3-4 पराभव, मग त्यांनाच 6-1. अंतिम फेरीत जॉर्जियाकडून 6-7 पराभव, मग 19-10, मग 6-1. बेरीज केली तर 62 रन काढले आणि 31 दिले. बरोबर दुप्पट. देशातल्या सर्वोत्तम आठांत खेळताना एखादा संघ प्रतिस्पर्ध्यांच्या दुप्पट रन काढत असेल तर तो त्या पंधरवड्यात खरोखरच वरचढ होता.

त्यांची फलंदाजी एवढी कशी फुलली? एक कारण साधनातलं. तेव्हा कॉलेजमधल्या धातूच्या बॅटी आजच्यापेक्षा खूपच जिवंत होत्या. 2011 पासून नियम बदलून त्यांचा जोर लाकडी बॅटीच्या जवळ आणला गेला आणि रन एकदम घटले. 2008 मध्ये पाच रनांची आघाडीही सुरक्षित नसायची. अंतिम फेरीच्या दुसऱ्या सामन्यात फ्रेस्नो 0-5 मागे होता, आदल्या रात्री जिंकत आणलेला सामना जॉर्जियानं आठव्या इनिंगमध्ये चार रन काढून हिसकावला होता, आणि हरले तर बाद. त्या अवस्थेतून त्यांनी 19 रन काढले. आजच्या बॅटींनी हे पुन्हा घडेल का? घडेलही, पण मी त्यावर पैज लावणार नाही. अशा बॅटींमुळे थोर पिचर आणि बरा पिचर यांतलं अंतर कमी व्हायचं, आणि ज्यांचा थोर पिचर जखमी आहे त्यांच्या ते पथ्यावर पडायचं.

दुसरं कारण वय. अमेरिकेत शाळेतून कॉलेजात गेलेल्या खेळाडूला व्यावसायिक संघ सर्वसाधारणपणे तिसरं वर्ष संपेपर्यंत किंवा तो 21 वर्षांचा होईपर्यंत निवडू शकत नाहीत. मोठ्या संघांतले तारे तिसऱ्या वर्षानंतर निघून जातात. मधल्या फळीतल्या विद्यापीठांत चौथ्या वर्षापर्यंत टिकलेले, एकमेकांबरोबर शेकडो सामने खेळलेले गडी असतात. फ्रेस्नोचा लेफ्ट फील्डर (मैदानाच्या डाव्या टोकाचा क्षेत्ररक्षक) स्टीव्ह सुसडॉर्फ असाच चौथ्या वर्षाचा. वीस आणि बावीस या वयांत शरीराचा आणि डोक्याचा फरक किती, हे कॉलेज संघ सांभाळलेल्या कोणालाही विचारा.

तिसरं, शिष्यवृत्त्या. त्या काळी प्रत्येक विद्यापीठाला बेसबॉलसाठी मिळून फक्त 11.7 पूर्ण शिष्यवृत्त्या देता यायच्या. श्रीमंत विद्यापीठालाही तेवढ्याच. सत्तावीस-तीस मुलांत त्या तुकडे करून वाटाव्या लागत. त्यामुळे सगळी गुणवत्ता चार-पाच संघांकडे साठत नसे. हे आता पालटलं आहे. 2025 च्या न्यायालयीन तडजोडीनंतर त्या मर्यादेऐवजी 34 खेळाडूंच्या संघाची मर्यादा आली, आणि विद्यापीठ बदलणंही पूर्वीपेक्षा फार सोपं झालंय. छोट्या संघाचा चांगला गडी वर्षभरात मोठ्या संघाच्या गणवेशात दिसतो. म्हणून पुष्कळ जाणकार म्हणतात की फ्रेस्नोसारखं आता होणे नाही. मला ते पूर्ण पटत नाही. चौथ्या मानांकनावरून ओमाहापर्यंत पोहोचलेले संघ चारच: 2008 चा फ्रेस्नो, 2012 चा स्टोनी ब्रुक, 2023 चा ओरल रॉबर्ट्स, 2025 चा मरे स्टेट. यांतले दोन अगदी अलीकडचे आहेत. मात्र विजेतेपद त्यांतल्या एकाच संघाला मिळालं. दार अजून उघडं आहे. आत शिरल्यावर शेवटपर्यंत टिकायला किती हात शिल्लक राहतील, एवढाच आता प्रश्न आहे.

थोडं गणित, कारण प्रश्नात नशिबाचं नाव आहे. समजा एका सामन्यात दुबळ्या संघाची जिंकण्याची शक्यता 40 टक्के आहे. तीनपैकी दोन जिंकायचे असतील तर ती सुमारे 35 टक्क्यांवर येते. सातपैकी चार जिंकायचे असतील तर 29 टक्क्यांवर. म्हणजे लढत जितकी लांब तितकं बलाढ्याचं फावतं. कॉलेज स्पर्धेतल्या लढती छोट्या आहेत, दुबळ्याला ते बरं. पण फ्रेस्नोनं ‘हरलो तर घरी’ असे एकंदर सहा सामने खेळले आणि सहाही जिंकले: केंद्रावर एक, टेंपीला दोन, नॉर्थ कॅरोलायनाविरुद्ध एक, अंतिम फेरीत दोन. प्रत्येकात निम्मी शक्यता धरली तरी सहाही जिंकण्याची शक्यता 64 मध्ये एक. चाळीस टक्के धरली तर अडीचशेत एकाच्या आसपास. रचना कितीही अनुकूल असली तरी एवढ्यापुरतं नशीब मानावंच लागेल.

25 जून 2008 ची ती रात्र. ओमाहाचं रोझेनब्लॅट मैदान, अंतिम फेरीचा तिसरा सामना. जस्टिन विल्सन तीनच दिवसांच्या विश्रांतीवर पिचिंगला आला आणि नवव्या इनिंगपर्यंत टिकला, सव्वाशेहून जास्त चेंडू टाकले, एकच रन दिला. समोर गॉर्डन बेकहॅम होता, जो त्याच महिन्यात देशात आठवा निवडला गेला होता. फ्रेस्नोचे सहाही रन एकट्या स्टीव्ह डेटवायलरच्या बॅटीतून आले. चारपैकी चार वेळा हिट, त्यांत दोन होमरन (थेट मैदानाबाहेर गेलेले फटके). त्याच्या डाव्या अंगठ्याचा लिगामेंट फाटलेला होता, शस्त्रक्रिया मोसम संपल्यावर करायची ठरली होती. शेवटचा झेलही राइट फील्डला त्याच्याच हातात आला. हे कुणी पटकथेत लिहिलं असतं तर आपण ‘जरा अतिच केलंय’ म्हणालो असतो. स्पर्धेतला सर्वोत्कृष्ट खेळाडू मात्र थर्ड बेसमन, म्हणजे तिसऱ्या बेसजवळचा क्षेत्ररक्षक, टॉमी मेंडोन्सा ठरला, ओमाहात चार होमरन आणि थर्ड बेसवरची कमालीची फील्डिंग यांसाठी. माझ्या मते तो निर्णय योग्यच होता. एका रात्रीपेक्षा दोन आठवडे जड.

फ्रेस्नो गावाबद्दल एक अवांतर. सॅन वाकीन खोऱ्यातलं हे शेतीचं गाव, बेदाण्यासाठी जगभर प्रसिद्ध. ज्या थॉम्पसन सीडलेस द्राक्षांचा बेदाणा तिथं वाळतो, तीच जात आपल्याकडे नाशिक-सांगलीला आली आणि तासगावच्या बागांतून तिचा ‘तास-ए-गणेश’ हा वाण निघाला. तेव्हा तासगावच्या माणसाला फ्रेस्नो अगदीच परकं नाही. त्या वर्षी तिथल्या शेतकऱ्या-कामगारांनी ‘अंडरडॉग्ज टू वंडरडॉग्ज’ लिहिलेले टी-शर्ट घालून संघाला डोक्यावर घेतलं. संघाचं टोपणनाव बुलडॉग्ज, म्हणून हा शब्दखेळ.

आता प्रश्नाचा शेवटचा भाग, आपल्या विद्यापीठ संघांनी काय उचलावं. विल्सनचं उचलू नका. अमेरिकेत आज जी वयानुसार मार्गदर्शक तत्त्वं पाळली जातात, त्यांत 19 ते 22 वयाच्या पिचरला एका दिवसात 120 हून जास्त चेंडू टाकू देत नाहीत, आणि 105 च्या वर गेला तर पाच दिवस विश्रांती. विल्सनचं शरीर तावून सुलाखून निघालं, पुढे तो दहा वर्षांहून अधिक काळ मेजर लीगमध्ये खेळला. तुमच्या संघातला मुलगा विल्सन आहे असं धरून चालू नका. आपल्याकडे आंतरविद्यापीठ स्पर्धांत ओळीनं सामने येतात आणि एकच मुलगा रोज पिचिंग करताना दिसतो. तिसऱ्या दिवशी त्याचा कोपर खाली येतो, चेंडू वर राहतो आणि प्रशिक्षक म्हणतो ‘आज लय गेली’. लय कुठली, हात गेला.

उचलण्यासारखं आहे ते पिचरांची संख्या वाढवणं. संघातल्या शॉर्टस्टॉपला (दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसमधल्या क्षेत्ररक्षकाला), सेंटर फील्डरला (मागच्या मध्यभागातल्याला), ज्यांचा हात मुळातच मोकळा आहे त्यांना, मोसमाच्या सुरुवातीपासून आठवड्यातून दोनदा तीस-तीस चेंडू टाकायला लावा. वेग नको, वळण नको, फक्त स्ट्राइक, म्हणजे फलंदाजाच्या आवाक्यातून जाणारा चेंडू. अशा चार मुलांनी स्पर्धेत प्रत्येकी दोन इनिंग सांभाळल्या तरी तुमचा मुख्य पिचर उपांत्य सामन्याला ताजा राहतो. पहिल्याच सामन्यात आघाडी सात-आठ रनांची झाली की मुख्य पिचरला लगेच काढा. प्रेक्षकांना आवडणार नाही, त्यालाही आवडणार नाही. मोठ्या फरकाचा विजय आणि छोट्या फरकाचा विजय तक्त्यात सारखाच, पण त्यानं वाचवलेले पन्नास चेंडू दोन दिवसांनी उपयोगी पडतात.

आणि मोजा. प्रत्येक पिचरचे चेंडू, प्रत्येक दिवशी, वहीत. सरावातलेसुद्धा. हे काम राखीव खेळाडूला द्या, तो बसल्या जागी खेळ शिकतो. प्रतिस्पर्ध्याच्या पिचरचेही चेंडू मोजा. चौथ्या इनिंगला तो सत्तरच्या पुढे गेला असेल तर तुमच्या फलंदाजांना पहिला चेंडू सोडायला सांगा, त्याला आणखी चेंडू टाकायला भाग पाडा, राखीव पिचर लवकर बाहेर काढा. त्या दिवशी हरलात तरी चालेल. दोन पराभवांनी बाद होण्याच्या स्पर्धेत त्याच संघाशी तुमची गाठ पुन्हा पडू शकते, आणि तेव्हा त्यांच्याकडे कोण उरलंय हे तुमच्या वहीत लिहिलेलं असेल.